काय म्हणून सांगायचं

प्रिय ठमे,

फोनवर बोलायला मला जमत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे, म्हणून लिहितोय. फोनवर समोरचं माणूस गप्प झालं की ते विचार करतंय, रडतंय, की लाइन कट झालीय, यातलं काहीच मला कळत नाही. मागे एकदा तू गप्प झालीस तेव्हा मी आपला "हॅलो, हॅलो" करत बसलो. शेवटी तुझ्या आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. नंतर म्हणाली, "अहो, रडत होती ती." पत्र वाचताना तू कुठे थांबलीस हे मला दिसणार नाही, पण निदान मध्येच हॅलो तरी म्हणणार नाही.

त्याआधी तू जे विचारलंस ते मात्र मी नीट ऐकलं होतं. तू म्हणालीस, "बाबा, या सगळ्या भांडणात तुम्हीच एक बाहेर आहात. माझ्या भिंगरीबद्दल लोकांना काय म्हणून सांगायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणाल ते आम्ही सगळे म्हणू." मी "बरं" म्हणालो. मी बरं म्हणालो की तुम्ही सगळे ते झालं असं धरून चालता, आणि बहुतेक वेळा ते होतंही. कवळी अमक्या दिवशी देतो म्हटलं की देतोच. पण या वेळी बरं म्हणून मी अडकलोय. इतके दिवस डोकं चालवतोय आणि गुंता सुटायच्या ऐवजी वाढतोय.

आईच्या साठाव्या वाढदिवसापासून सुरुवात करतो, कारण माझा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला. त्या दिवसाचं तुला वेगळं आठवत असेल, मला वेगळं आठवतंय. तुम्ही आलात तेव्हा घरात आधीच माणसं मावेनाशी झाली होती. आत्या आली होती, तुझ्या विहीणबाई म्हणजे आमच्या विहीणबाई आल्या होत्या, आईच्या शाळेतल्या मैत्रिणी होत्या. (बघ, विहीणबाई तुझ्या सासूबाई. मी नात्यांत नेहमी घोळ घालतो.) भिंगरी दारातच थांबून पायाच्या बोटांवर उभी राहून स्वतःभोवती फिरत होती, तिच्या नेहमीच्या लयीत, आणि ठीक होती. मग खालच्या मजल्यावरच्या पडदेवाल्या काकू वर आल्या. थेट तिच्यापाशी गेल्या, खाली वाकल्या आणि तिच्या कानाला तोंड लावून किंचाळल्या, "काय गं बाळाऽऽ! मला ओळखलंस काऽऽ!"

तुला तेव्हा वाटलं की बाई वेडी आहे. ती बिचारी वेडी नव्हती. तुझ्या आईने तिला आधी सांगून ठेवलं होतं की नातीला ऐकायला जरा कमी येतं. भिंगरीने कानांवर हात दाबले आणि लिफ्टमधली बाई सांगते तसं "दरवाजा बंद होत आहे, दरवाजा बंद होत आहे" म्हणत जेवणाच्या टेबलाखाली शिरली. काकू आईकडे वळून म्हणाल्या, "अगं, हिला तर चांगलं ऐकू येतं की!" आणि त्या इतक्या मनापासून खूश झाल्या होत्या की त्यांच्यावर रागवायचंही कुणाला सुचेना.

त्यानंतर जे झालं ते तू विसरली नसशीलच. तू आईला विचारलंस, हे कानाचं कुठून आलं. आई म्हणाली, कानाचं सांगितलं की लोक चुकचुकतात आणि गप्प बसतात, डोक्याचं सांगितलं की प्रश्न विचारत बसतात. विहीणबाई म्हणाल्या, त्यात कानाचं कशाला सांगायचं, मूल लाजाळू आहे म्हणावं, मी शाळा चालवली आहे, अशी कितीतरी मुलं पाहिली. जावईबापू म्हणाले, बोलायला उशीर होतोय एवढंच सांगू. आणि तू उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "ती ऑटिस्टिक आहे." मग आत्याने विचारलं, "मग कधी बरी होईल?" आत्याला खरंच माहीत नव्हतं गं. तुला राग आला. जावईबापूंनी सावरायला सांगितलं की म्हणजे ती स्पेक्ट्रमवर आहे. तर आत्या म्हणाली, "वर म्हणजे कुठे?" मला तो प्रश्न रास्त वाटला. मलाही माहीत नव्हतं. विहीणबाईंनी शेवटी तोडगा काढला, की आपला मराठी शब्द आहे ना, स्वमग्न, ऐकायला तरी बरा आहे, कुणी देवाधर्मातलं समजेल. त्यावर तू म्हणालीस ते वाक्य मी विसरणार नाही. तू म्हणालीस, "स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेली. ती स्वतःत नाही बुडालेली, ती तुमच्या आवाजात बुडतेय. कोणीतरी तिला वर काढा." तुझ्यासारख्या पोहायला शिकवणाऱ्या बाईला बुडणं म्हणजे काय ते कळतं, हे मला तेव्हा पटलं.

आणि मग मी टेबलाखाली गेलो. भिंगरीच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन बसलो. माझी कंबर तुला माहीत आहे, तरी बसलो. वरून हसण्याचे आवाज आले. कुणीतरी म्हणालं, आजोबा बघा कसे लहान झालेत. विहीणबाईसुद्धा म्हणाल्या, असा आजोबा नशिबाने मिळतो. भिंगरी माझ्याकडे न बघता माझ्या बाहीचं बटण काढत आणि लावत राहिली. घरी पोचल्यावर तू मला निरोप पाठवलास, "बाबा, एवढ्या माणसांत फक्त तुम्हाला कळलं तिला काय हवंय." तो निरोप मी पुन्हा पुन्हा वाचला, आणि प्रत्येक वेळी मला जास्तच अस्वस्थ वाटलं. कारण ठमे, मी तिच्यासाठी टेबलाखाली गेलोच नव्हतो. मी माझ्यासाठी गेलो होतो. तो आवाज, ते दिवे, केकवरच्या मेणबत्त्यांचा वास, एकाच वेळी चार तोंडं, हे सगळं मला त्या क्षणी असह्य झालं होतं. घरात तेवढी एकच जागा रिकामी दिसली. ती तिथे आधीच बसली होती हा योगायोग, किंवा योगायोग नसेलही.

आता त्याच्या आधीचं सांगतो. जावईबापूंना सुट्टी मिळाली नव्हती तेव्हा तू भिंगरीला घेऊन त्या तज्ज्ञ बाईंकडे जाताना मला सोबत नेलं होतंस. त्या बाईंची खोली मला फार आवडली होती. ट्यूबलाइट नव्हती, त्यामुळे तिची गुणगुण नव्हती. खुर्चीचं कापड खरखरीत नव्हतं. बाई हळू बोलत होत्या आणि एक प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत दुसरा विचारत नव्हत्या. त्यांनी विचारलं, कपड्यांच्या आतल्या लेबलचा त्रास होतो का? मी पटकन म्हणालो, होतो तर, मी नवीन शर्ट आणला की आधी कात्री घेतो. बाई म्हणाल्या, मी तुमच्या नातीबद्दल विचारतेय. तू हसलीस. मीही तुझं बघून हसलो. मग त्यांनी विचारलं, ठरलेल्या गोष्टीत अचानक बदल झाला तर काय होतं? या वेळी मी तोंड बंद ठेवलं, पण उत्तर मनात तयार होतं. त्यांनी एकेक विचारावं आणि मी मनातल्या मनात हो म्हणावं, असं चाललं होतं. निघताना तू भिंगरीला बूट घालत होतीस. बाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "तुम्हाला कधी स्वतःबद्दल बोलावंसं वाटलं, तर या." मी म्हणालो, मला स्वतःबद्दल बोलायला आवडत नाही. त्या म्हणाल्या, "तरीही या."

वाढदिवसानंतर मी गेलो. आईला सांगितलं, डोळे तपासायला जातोय. बऱ्याच खेपा झाल्या. डोळ्यांना इतक्या खेपा लागतात यावर तिचा विश्वास कसा बसला देव जाणे. बाईंनी माझं लहानपण विचारलं, शाळा विचारली, काम विचारलं. मी त्यांना सांगितलं की मी कवळ्या बनवतो, आणि रस्त्यात कुणी हसून हाक मारली की चेहरा ओळखू येत नाही, पण त्याने तोंड उघडलं की वरचा डावा सुळा बघून नाव आठवतं. त्या हसल्या नाहीत. शेवटच्या खेपेला त्यांनी मला सांगितलं. शब्द तोच, भिंगरीचा.

तू आता कदाचित थांबली असशील. थांब. माझी घाई नाही.

मला काय वाटलं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, उद्या विचारा. दुसऱ्या दिवशीही मला सांगता आलं नसतं. या वयात एखाद्याला कळावं की तो डावखुरा आहे आणि सगळा जन्म उजव्या हाताने लिहीत आला, तसं काहीसं. आनंद म्हणावा तर छातीत दुखत होतं. दुःख म्हणावं तर घरी येताना मी चक्क शीळ वाजवत होतो. बसमध्ये एक बाई माझ्याकडे बघायला लागली तेव्हा कळलं.

त्यानंतर मला वाटलं, बरं झालं. तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता मी स्वतःवर करून पाहू शकतो. नवीन मटेरियल आलं की मी आधी पेशंटच्या तोंडात घालत नाही, साच्यावर घालून बघतो. हा साचा तर आयता मिळाला होता.

पहिल्यांदा मी सांगितलं आमच्या डॉक्टरीणबाईंना, ज्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत मी इतकी वर्षं प्लास्टर आणि मेणात बसलोय. त्यांना मी सरळ ऑटिझम हाच शब्द सांगितला, त्या शिकलेल्या आहेत म्हणून. त्या म्हणाल्या, "तुम्हाला? छे! तुम्ही तर किती नॉर्मल आहात!" मी आभार मानले, कारण त्यांचा सूर कौतुकाचा होता. पण दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी हळूहळू आणि मोठ्याने बोलायला लागल्या, पडदेवाल्या काकूंसारख्या. एक काम मला फार आवडतं, तुला माहीत आहे. नवीन दाताचा रंग जुन्या दातांशी जुळतोय की नाही हे बघायला पेशंटला माझ्या खिडकीपाशी पाठवतात. माणूस तोंड उघडून उभा राहतो, मी रंगांची पट्टी धरून बघतो. त्याला बोलता येत नाही, मला बोलावं लागत नाही, आणि डोळ्यांत बघायची गरज नसते. अनोळखी माणसाच्या इतकं जवळ मी दुसऱ्या कुठल्याच वेळी जात नाही. तर त्या आता पेशंट पाठवतच नाहीत. फोटो काढून पाठवतात. म्हणतात, तुम्हाला उगाच त्रास नको. मला त्रास नव्हता हे मला त्यांना सांगायचं आहे. वाक्य तयार करतोय. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आलो.

तेव्हा ठरवलं की शब्द बदलू. माझ्या शाळेपासूनच्या मित्राला, तुझ्या टपालकाकाला, सांगताना मी तो शब्द घेतलाच नाही. फिरायला गेलो होतो तेव्हा म्हणालो, माझं डोकं जरा वेगळ्या पद्धतीने चालतं असं एका तज्ज्ञ बाईंनी सांगितलंय. तो रस्त्यात थांबून इतका हसला की त्याला खोकला लागला. म्हणाला, "अरे त्यासाठी तज्ज्ञ कशाला? मला विचारायचंस, फुकटात सांगितलं असतं!" मग म्हणाला, सगळ्यांचंच डोकं वेगळं चालतं रे, आपण सगळेच थोडे थोडे तसे. आणि गुडघ्याच्या ऑपरेशनकडे वळला. मला तिथे बरं वाटलं. माझ्या पाठीवर थाप मारून कुणी इतकं सहज बोललं की मला बरं वाटतं. पण घरी पोचेपर्यंत लक्षात आलं की मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. सगळेच थोडे थोडे तसे असतील तर मग टेबलाखाली आम्ही दोघंच का होतो?

मग राहिली तुझी आई. तिला सांगायला कुठला शब्द घ्यावा याचा मी विचार करत होतो, आणि विचार पूर्ण व्हायच्या आतच सांगून बसलो. आम्ही धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. मी म्हणालो, मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जात नव्हतो. आणि सगळं सांगितलं. तिने चादर हातातच धरून ठेवली. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही मुद्दाम नव्हता करत?" मी विचारलं, काय? ती म्हणाली, "सगळंच."

त्यानंतर दोन-तीन दिवस ती माझ्याशी जेवण आणि किल्ल्या यांपलीकडे बोलली नाही. मला वाटलं चिडली. मग एके दुपारी भांडी लावता लावता तिने मला तिची आई गेली तो दिवस सांगितला. मी तिथे होतोच, पण तिने तो तिच्या बाजूने सांगितला. घर माणसांनी भरलं होतं, सगळे रडत होते, आणि तिचा नवरा पाना घेऊन स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत होता. ती म्हणाली, "मी तेव्हा मनात गाठ मारली, की या माणसाला काही वाटत नाही. ती गाठ घेऊनच मी तुमच्याबरोबर राहिले." मी तिला सांगितलं की तो नळ गळत होता. तुझी आजी प्रत्येक भेटीत त्या नळाबद्दल बोलायची, कुणी दुरुस्त करून देत नाही म्हणायची. ती गेली तरी तो गळतच होता आणि मला ते ऐकवेना. दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तुझी आई हातातलं ताट तसंच धरून ओट्यापाशी खाली बसली. मी जवळ जाऊन बसावं की जाऊ नये ते मला कळलं नाही, म्हणून विचारलं. ती म्हणाली, बसा. बसलो.

नंतर डोळे पुसून तिने विचारलं, "मग मी आता लोकांना काय सांगू तुमच्याबद्दल?" मी म्हणालो, तोच तर प्रश्न आहे. ती म्हणाली, "तुमच्याही कानाचंच सांगू का?" आणि ठमे, ती हसली. मला विनोद उशिरा कळतात, पण हा लगेच कळला.

तर असे हे प्रयोग झाले आणि हाती काही लागलं नाही. मी शब्द उलटसुलट करून बघतो. मला ऑटिझम झालाय असं म्हटलं तर सर्दी झाल्यासारखं वाटतं. बाहेरून आली, चार दिवसांनी जाईल, आत्याचा प्रश्न मग बरोबरच. मला ऑटिझम आहे म्हणावं, तर मराठीत माणसाला काय वाटेल ते असतं. मला घाई आहे, मला एक मुलगी आहे, मला मधुमेह आहे. यातल्या कशासारखं ते ऐकणारा आपल्या मनाने ठरवणार. जावईबापूंना हेच बरं वाटतं, कारण त्यात भिंगरी आधी येते आणि ते नंतर. तू म्हणतेस, ती ऑटिस्टिक आहे, सरळ, मी उंच आहे म्हणावं तसं. मला सकाळी तुझं पटतं. खोली शांत असते, मेण हाताला बरोबर लागतं, तेव्हा वाटतं, हो, मी हाच आहे, यातलं काही काढून ठेवता येणार नाही. पण ज्या दिवशी बस वेगळ्या रस्त्याने जाते आणि माझ्या हातांना घाम फुटतो, त्या दिवशी वाटतं, हे मी नाही, हे मला आहे, आणि कुणी घेऊन जाईल तर बरं. तज्ज्ञ बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, ज्याचं त्याला विचारावं, कुणाला हे आवडतं, कुणाला ते. भिंगरी मोठी झाली की ती सांगेल. तोवर तुम्ही जे म्हणाल ते तिच्या कानांवर पडणार आहे, एवढं फक्त लक्षात ठेवा. मी म्हणालो, मी मोठा झालोय, मला विचारा. त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. जगातला एक शब्द ठरवायला तू जो माणूस निवडलास, तो भांडणाच्या बाहेरचा नव्हताच, आणि त्याला ते जमलंही नाही.

एवढंच असतं तर हे सगळं मी तू आलीस की सांगितलं असतं. पत्र लिहायला बसलो त्याचं कारण वेगळं आहे. काल जावईबापूंचा मला फोन आला. त्यांनी सांगितलं की वाढदिवसाच्या दिवसापासून तू पाण्यात उतरलेली नाहीस. पोहण्याच्या तलावावर खांदा दुखतो म्हणून कळवलंस आणि आता काम सोडायचं म्हणतेस. हे मी तुला सांगू नये असंही ते म्हणाले, पण ही गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, त्यांच्यावर रागावू नकोस. त्या दिवशी निघताना दारात विहीणबाई तुझ्या कानात काय म्हणाल्या तेही त्यांनी सांगितलं. "पोटुशी असताना सुद्धा तलावाच्या त्या औषधाच्या पाण्यात उतरत होतीस, मी तेव्हाच म्हणत होते." आणि तू, सगळ्या घराला तोंडावर उत्तरं देणारी माझी पोर, त्या एका वाक्यापुढे गप्प बसलीस आणि ते खरं धरलंस. काल परत फोन करणार होतो, मग म्हटलं, नको, मी पुन्हा हॅलो हॅलो करत बसेन. म्हणून आज सकाळी काम टाकून तज्ज्ञ बाईंकडे गेलो आणि उभ्याउभ्याच विचारलं. त्या म्हणाल्या, पाण्यामुळे असं होत नाही, हे मी लिहून देते. हे बऱ्याचदा घराण्यातून येतं. तुमच्याकडूनच आलं असं छातीठोक कुणी सांगू शकणार नाही. ठमे, त्या शास्त्राच्या बाई, त्यांना जपून बोलावं लागतं. मला नाही. तुला कुणी विचारलं हे कुठून आलं, तर सांग, माझ्या बाबांकडून. कुठल्याही शब्दाने सांग, मला चालेल. तुझ्या हातून काही झालेलं नाही, एका थेंबाने सुद्धा नाही. सोमवारी मी येतोय, पहिल्या गाडीने. डॉक्टरीणबाईंना रजा हवी म्हणून सांगायला जाईन तेव्हा तयार करून ठेवलेलं ते दुसरं वाक्यही सांगून टाकेन. दुपारी भिंगरीला मी सांभाळेन, येताना तिच्यासाठी प्लास्टरचे जुने साचे आणतोय, ओळीने लावून ठेवायला. आम्हा दोघांचं एकमेकांवाचून अडत नाही आणि एकमेकांपाशी बरं चालतं. तू तलावावर जा. विहीणबाईंशी मी बोलेन. काय शब्द वापरेन ते अजून ठरलेलं नाही. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघावं लागणार नसेल तर बोलेन नक्की. आणि इतक्या दिवसांनी उतरतेयस, पाणी गार लागेल. एकदम सूर मारू नकोस, पायऱ्यांनी उतर.

तुझाच,
बाबा